दिलेले मूत्रपिंड कोणाचे?

अवयवदानाविषयी आपण आता बरेच ऐकतो. प्रवचनात त्याचा उल्लेख येतो, शाळेच्या फलकावर त्याचे चित्र असते, आणि पुण्याहून मुंबईकडे एखादे यकृत किंवा हृदय नेताना पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिल्याची बातमी आपण आवडीने वाचतो. तो रस्ता पुष्कळदा आपल्याच खालापूर तालुक्यातून, बोरघाट उतरून जातो. दाता, डॉक्टर, रुग्णवाहिकेचा चालक, सगळ्यांचे कौतुक होते. रुग्ण बरा होऊन घरी येतो आणि बातमी संपते. त्यानंतर त्याच्या घरी काय चालते हे विचारायला फारसे कोणी जात नाही. या रविवारी आपण त्या नंतरच्या दिवसांतील एका प्रश्नाचा विचार करू या. वरवर पाहता तो डॉक्टरांचा प्रश्न आहे. पण डॉक्टरांनी आपले काम चोख केले तरीही तो उरतोच. एकाने प्रेमाने दिलेली देणगी जपण्यासाठी दुसऱ्याने किती सोसावे, हा तो प्रश्न.

आधी दुखणे काय आहे ते पाहू. आपले हृदय छातीत मोकळे लोंबकळत नसते. त्याच्याभोवती दोन पदरांची एक पातळ पिशवी असते. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये दोन-तीन चमचे द्रव असतो आणि त्यामुळे हृदय घासल्याशिवाय हलत राहते. या पिशवीला सूज आली की छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. दीर्घ श्वास घेतला की ती वाढते, पाठीवर आडवे झाले की आणखी वाढते, आणि पुढे वाकून बसले की थोडी कमी होते. म्हणून असा रुग्ण रात्र रात्र उशी पोटाशी धरून बसून काढतो. डॉक्टर याला पेरिकार्डायटिस म्हणतात. कधी पिशवीत जास्त पाणी साठते आणि ते हृदयालाच दाबू लागते. मग मात्र धावपळ करून सुईने ते काढावे लागते.

बहुतेकांचे हे दुखणे एकदाच येते आणि जाते. काहींचे मात्र महिना-दीड महिना बरे वाटून पुन्हा उलटते, पुन्हा बरे वाटते, पुन्हा उलटते. वर्षानुवर्षे हा खेळ चालू राहू शकतो. ज्याच्या शरीरात दुसऱ्याचा अवयव बसवला आहे अशा माणसाला हे दुखणे जडले, तर आपला प्रश्न उभा राहतो. अशा माणसाला ते अनेक कारणांनी होऊ शकते. हृदयरोपणात ती पिशवीच उघडावी लागते. मूत्रपिंड बदललेल्याला जंतुसंसर्गाने होते, नवे मूत्रपिंड थकू लागले तर होते, क्वचित एखाद्या औषधाने होते, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.

आपल्या मुंबईचा या शास्त्रातील वाटा मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९६७ मध्ये जगातील पहिले मानवी हृदयरोपण झाले आणि त्यानंतर अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी परका अवयव शरीराने नाकारू नये यासाठी पुरेसे चांगले औषध नव्हते, आणि जगभरच ही शस्त्रक्रिया मागे पडली. मुंबईत पुन्हा हृदयरोपण यशस्वी व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. तेव्हा पुण्यात दान झालेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात आणून एका २२ वर्षांच्या तरुणाला बसवले गेले. मधल्या ४७ वर्षांत शल्यचिकित्सकांचे हात बदलले हे खरे, पण त्याहून अधिक बदलली ती औषधे. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूतून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस मिळाले. आज मूत्रपिंड बदललेला जवळजवळ प्रत्येक माणूस यांपैकी एक गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घेतो.

आणि हृदयावरणाच्या सुजेवरचे औषध? ते तर आपल्या दारात उगवते म्हणायला हरकत नाही. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या कुंपणांवर आणि डोंगरउतारांवर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले येणारी कळलावी आपण सर्वांनी पाहिली आहे. कोणी तिला वाघनखी म्हणतात. जुन्या बायका बाळंतपणात तिचा उपयोग सांगतात, पण तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो हेही आपल्या आदिवासी बांधवांना चांगले ठाऊक आहे. (लहान मुलांना या वेलीपासून दूरच ठेवावे.) त्या विषाचे नाव कोल्चिसिन. युरोपात तिच्याच कुळातल्या दुसऱ्या एका फुलातून ते काढतात आणि शतकानुशतके संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, देत आले आहेत. अगदी थोड्या मात्रेत ते सूज उतरवते. १९८७ पासून डॉक्टरांनी ते वारंवार उलटणाऱ्या हृदयावरणाच्या सुजेवर वापरून पाहिले. इटलीतील तुरिनचे डॉ. मास्सिमो इमाझिओ यांनी त्याची नीट पारख केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात २४० रुग्ण होते. कोल्चिसिन घेतलेल्यांपैकी १६.७ टक्के लोकांचे दुखणे रेंगाळले किंवा उलटले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण ३७.५ टक्के होते. एवढ्या स्वस्त गोळीने हे साधले, यात देवाची कृपाच म्हणायची.

पण ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे त्याच्यासाठी या वाटेवर काटे आहेत. कोल्चिसिन शरीराबाहेर टाकण्याची जी यंत्रणा आहे, तिलाच सायक्लोस्पोरिन अडवते. टॅक्रोलिमसच्या बाबतीतही सावध राहावे लागते. औषध अंगात साठत जाते. मग पायांतली ताकद जाते, जुलाब लागतात, रक्तपेशी घटतात. मूत्रपिंड आधीच अर्ध्या बळावर चालत असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणजे जी गोळी देणगी राखते, तीच दुसऱ्या गोळीला विष बनवते. साध्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेन किंवा भरपूर ॲस्पिरिन, या दुखण्यात इतरांना पहिल्या दिवशीच देतात. त्या थेट मूत्रपिंडावर घाला घालतात. स्टेरॉइड वाढवले तर कळ दोन दिवसांत पळते, रुग्ण डॉक्टरांचे पाय धरतो, पण मात्रा कमी करू लागताच दुखणे उलटण्याची शक्यता वाढते. शिवाय साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग सोपा होतो.

त्यात आपल्या देशाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. आपल्याकडे हृदयावरणाला सूज आली, विशेषतः पाणी साठले, की आधी क्षयरोगाचा संशय घ्यावा लागतो. तो नाही याची खात्री न करता स्टेरॉइड वाढवणे म्हणजे आगीत तेल. आणि क्षय निघालाच तर त्यावरचे मुख्य औषध, रिफॅम्पिसिन, टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी इतकी खाली आणते की शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते. एक दार उघडायला जावे तर दुसरे आपटते. डॉक्टरांनी डोके धरून बसावे अशी ही परिस्थिती आहे.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. शरीरात सूज पेटवणारा इंटरल्युकिन-१ नावाचा एक निरोप्या पदार्थ आहे. त्याला अडवणारे अनाकिन्रा नावाचे इंजेक्शन मुळात सांधेदुखीसाठी होते. ते रोज कातडीखाली टोचून घ्यावे लागते. २०१६ मध्ये इटलीत २१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ते चालू ठेवलेल्या ११ जणांपैकी दोघांचे दुखणे उलटले, तर ज्यांना त्याजागी नुसते पाणी टोचले त्या १० पैकी ९ जणांचे उलटले. त्याच जातीचे रिलोनासेप्ट हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये या दुखण्यासाठी मंजूर झाले. मूत्रपिंडाशी अशा औषधांचे तेवढे वैर नाही, फक्त ते मंद चालत असेल तर अनाकिन्राची मात्रा कमी करावी लागते. मात्र अवयव बसवलेल्या माणसांवर अशी औषधे वापरल्याच्या नोंदी म्हणजे इथे एक रुग्ण, तिथे दोन रुग्ण, एवढ्याच. शिवाय ती महाग आहेत आणि आपल्या बाजूला सहज मिळत नाहीत.

आता या माहितीतून आपल्या प्रश्नाकडे येऊ. समजा, खोपोलीजवळच्या एका गावात दोन भावंडे आहेत. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला मूत्रपिंड दिले. दोघेही बरे आहेत. तीन वर्षांनी भावाला हे छातीचे दुखणे लागले आणि चौथ्यांदा उलटले. डॉक्टर सांगतात की कोल्चिसिन अगदी कमी मात्रेत देऊन पाहता येईल, पण वारंवार रक्त तपासावे लागेल आणि मूत्रपिंडाला थोडा धोका आहे. भाऊ म्हणतो, "नको. ताईने दिलेली किडनी आहे. मी सोसतो." आणि तो सोसत राहतो. कामावर जात नाही, रात्री बसून काढतो, घरच्यांवर चिडतो, पण औषध घेत नाही.

हा माणूस कृतज्ञ आहे, यात शंका नाही. तो बरोबर वागतो आहे का?

एक उत्तर असे येईल की मूत्रपिंड आता त्याचे आहे, त्याने वाटेल ते करावे. कायदा जवळजवळ असेच म्हणतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने, जो आपल्या महाराष्ट्रात १९९५ पासून लागू आहे, अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. विकलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येते, उसन्या वस्तूची परतफेड मागता येते. पण ही ना विक्री, ना उसनवारी. देणारीचा हक्क देताक्षणी संपला. हे उत्तर स्वच्छ आहे, पण ते कोणालाच पटत नाही, त्या भावाला तर मुळीच नाही. ज्याच्या कुशीत बहिणीचा अवयव आहे तो उद्यापासून टॅक्रोलिमस घ्यायचे विसरू लागला, दारू पिऊ लागला, तर आपण "त्याची मर्जी" म्हणून गप्प बसू का? नाही बसणार.

मग दुसरे उत्तर येते: तो मालक नव्हे, विश्वस्त आहे. ठेव सांभाळावी तशी त्याने ती देणगी सांभाळावी. आपल्या लोकांना हे चटकन पटते, कारण शरीर देवाने दिलेली ठेव आहे असेच आपण लहानपणापासून ऐकतो. आम्हालाही ते बरेचसे पटते. रोजची गोळी वेळेवर घेणे, तपासण्या न चुकवणे, अंगावर दुखणे न काढणे, हे विश्वस्ताचे काम आहे. पण या उत्तरात एक क्रूरपणा लपून बसलेला आहे आणि तो नीट पाहायला हवा. विश्वस्त ठेवीसाठी जगतो. ठेव महत्त्वाची, तो नव्हे. बहिणीने मात्र भावासाठी मूत्रपिंड दिले, मूत्रपिंडासाठी भाऊ दिला नाही. तिला विचारले तर ती कदाचित म्हणेल, "अरे, मी ते तुला दिलं. जपून ठेवायला म्हणून नाही दिलं, जगायला दिलं." देणगीचा हेतूच जर त्याचे जगणे असेल, तर देणगी राखण्यासाठी जगणे नासवून घेणे हा त्या हेतूचाच अवमान होतो. कृतज्ञतेने घातलेली ही बेडी बहिणीने घातलेली नाही.

यात वैद्यकीय बाजूही आहे. "देणाऱ्याला काय वाटेल" म्हणून जो दुखणे लपवतो, त्याच्या पिशवीत साठणारे पाणी कोणाला दिसत नाही. जो घरच्या वेदनाशामक गोळ्या चोरून खातो, तो नकळत त्याच मूत्रपिंडाचे नुकसान करतो ज्याच्यासाठी तो गप्प आहे. गप्प राहून काहीच वाचत नाही, ना हृदय, ना मूत्रपिंड.

तरीही धोका खरा आहे, आणि तो पत्करायचा की नाही हे कोण ठरवणार? निर्णय रुग्णाचा, असे आम्ही म्हणू, पण बहिणीला सांगून. तिची परवानगी लागते म्हणून नव्हे. उद्या मूत्रपिंड खालावले तर तिला ते बाहेरून कळू नये म्हणून. ज्याने आपल्या शरीराचा भाग दिला, त्याला अंधारात ठेवणे बरे नव्हे. मात्र सांगणे आणि विचारणे यांतला फरक घरोघरी पाळला जातो असे नाही. दिलेल्या अवयवाची आठवण करून देणे हे काही घरांत हत्यार बनते. जेवताना टोमणा, भावकीच्या भांडणात उल्लेख. देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही आपली शिकवण पैशापुरती नाही.

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये बायका अधिक आहेत आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष अधिक, हे सरकारी नोंदींवरूनच दिसते. आई देते, बहीण देते, बायको देते. म्हणून आपल्या उदाहरणात भाऊ घेणारा आहे, ते काही योगायोगाने नाही. आता ते उलटे करून पाहू. मूत्रपिंड बहिणीला मिळाले आहे, छातीची कळ तिला येते, आणि महागडे इंजेक्शन तिच्यासाठी आणायचे आहे. घरातले किती जण लगेच हो म्हणतील? "दुखतंच आहे ना, जिवाला धोका तर नाही," हे वाक्य कोणाच्या बाबतीत लवकर ऐकू येईल? वाचकांनी आपापल्या घराला हा प्रश्न विचारून पाहावा.

ख्रिस्तसभेने या विषयावर पूर्वीच विचार केलेला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक परिषदेत भाषण केले. अवयवदान हे प्रेमाचे खरे कृत्य आहे, आणि ते तसे राहायचे असेल तर माणसाचा अवयव विक्रीची वस्तू होता कामा नये, हा त्याचा गाभा होता. दात्याने आणि घेणाऱ्यानेही समजून-उमजून संमती द्यायला हवी, यावर त्यांनी भर दिला. त्याआधी नोव्हेंबर १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांशी बोलताना सांगितले होते की जीव आणि आरोग्य राखण्यासाठी माणूस सामान्य उपाय करण्यास बांधील आहे. ज्या उपायांचे स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझे पडत नाही ते सामान्य उपाय, आणि ते व्यक्ती, स्थळ, काळ यांप्रमाणे बदलतात.

हे सूत्र शहाणपणाचे आहे. पण कर्जत-खालापुरात उभे राहून ते वाचले की एक खटका बसतो. स्थळाप्रमाणे ओझे बदलते, बरोबर. तुरिनमधल्या रुग्णाला जी तपासणी कोपऱ्यावर होते, तिच्यासाठी आपल्याला परळ गाठावे लागते. टॅक्रोलिमसची पातळी मोजायची तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे लागते. म्हणजे पहाटेची लोकल पकडायची, गोळी खिशात ठेवायची, दोन तास उभ्याने किंवा नशिबाने बसून जायचे, रांगेत रक्त द्यायचे आणि मग गोळी घ्यायची. खोपोलीचा असेल तर आणखी लवकर निघायचे. वाडीवरचा असेल तर स्टेशनाआधीच डोंगर उतरायचा. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतपथकांना अंधारात, पावसात पायी चढावे लागले होते. तिथल्यासारख्या वाड्यांमधून दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत आलेल्याचीही बुडते.

मग एवढ्या ओझ्यामुळे हा उपाय आपल्या माणसासाठी "असामान्य" ठरला, आणि तो टाळण्यास तो मोकळा झाला, असे म्हणायचे का? त्याच्या बाजूने, हो. त्याने थकून तपासणी सोडली तर त्याला पापी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आपल्या बाजूने हिशोब इतक्यावर मिटत नाही. ओझ्याचे दोन प्रकार आहेत. कळ, मळमळ, पायांतली अशक्तता, उद्याची भीती, हे आजाराचे ओझे. ते कितीही प्रेम केले तरी दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही. लोकलचे तिकीट, बुडालेली मजुरी, सोबतीचा माणूस, औषधाचे बिल, कागद कुठे द्यायचा याची माहिती, हे अंतराचे आणि गरिबीचे ओझे. ते दुसरा कोणीही उचलू शकतो. जे ओझे दुसऱ्याला उचलता येते, त्याच्यामुळे उपाय "असामान्य" झाला असेल, तर तो रुग्णाने नव्हे, आजूबाजूच्यांनी असामान्य केला.

सरकारने यातला काही भाग उचलला आहे, हे मान्य करायला हवे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि मूत्रपिंडरोपणासाठी अडीच लाख, अशी तिची मर्यादा होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे मर्यादाही वाढली. शस्त्रक्रियेसाठी हा मोठाच आधार आहे. पण नंतरच्या वर्षानुवर्षांच्या गोळ्या, प्रवास, मध्येच उपटलेले असे दुखणे, यांचा बराचसा खर्च घरावरच पडतो. आपण समाज म्हणूनही तसेच वागतो. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढली की मिस्सेनंतर दारात पेटी भरते. तीन वर्षांनी त्याच माणसाच्या इंजेक्शनसाठी पेटी ठेवली तर "पुन्हा?" असा चेहरा होतो. आमच्या मते हा चेहरा चुकीचा आहे, जरी आम्हाला तो समजतो. निधी थोडा असतो, गरजू पुष्कळ असतात, आणि रोज टोचायचे इंजेक्शन किती महिने चालेल याचा अंदाज कोणी देत नाही. अशा वेळी मर्यादा घालावी लागली तर घालावी, चार महिने देऊ म्हणून सांगावे. फक्त "नुसते दुखणेच तर आहे" हे कारण देऊ नये. ज्याने चार रात्री बसून काढल्या आहेत त्याच्यासमोर ते वाक्य उच्चारता येत नाही.

डॉक्टरांविषयीही थोडे बोलले पाहिजे. या दुखण्यात अवयव बसवलेल्यांसाठी पक्का रस्ता आखलेला नाही. म्हणून चांगला डॉक्टर रुग्णाला आधी तेच सांगेल. आम्ही कमी मात्रा का देत आहोत, कोणत्या लक्षणावर थांबणार आहोत, किती दिवसांनी रक्त पाहणार आहोत, हे मराठीत, सावकाश सांगेल. जिने चढताना मांड्या दुखू लागल्या तर लगेच कळवा, असे बजावेल. पुरावा थोडा असताना खात्रीचा आव आणणे आणि पुरावा थोडा म्हणून हात झटकणे, दोन्ही सारखेच वाईट. आणि रुग्णाने, घरच्यांनी, ओळखीच्या दुकानदाराने यातल्या एकाही गोळीची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. इथे अर्ध्या गोळीचा फरक जीवघेणा ठरू शकतो.

अशा प्रत्येक रुग्णाचा अनुभव नीट लिहून ठेवला तर पुढच्याला उपयोग होतो. आज या विषयात जे थोडे ज्ञान आहे ते बहुतेक असेच जमले आहे. त्यासाठी डॉक्टर रुग्णाची सही मागतात, नाव गुप्त ठेवतात. आपल्या उदाहरणातल्या भावाला हे सुचवले तर तो कदाचित हसेल. आतापर्यंत घेतच आलो, आता देण्यासारखे आपल्याकडेही काही आहे, असे त्याला वाटेल. त्याने सही केली तर खोपोलीजवळच्या एका माणसाचे चार महिने, दूरच्या कुठल्या तरी गावातल्या डॉक्टरला एखाद्या रात्री उपयोगी पडतील. नाही केली, तरी त्याची गोळी आणि त्याची तपासणी पूर्वीसारखीच चालू राहिली पाहिजे.